वारसा आणि रूपांतर : संगणकाच्या दर्शनी पडद्यामागील दोन नियम

बँकेंतून पैसे काढावयाचे असोत, रेल्वेचें तिकीट घ्यावयाचें असो किंवा रुग्णालयांत नांव नोंदवावयाचें असो, हल्लीं मनुष्याची गांठ प्रथम मनुष्याशीं न पडतां एका उजळलेल्या पडद्याशीं पडते. त्या पडद्यावर चौकटी असतात, बटनें असतात, आंकडे भरण्याच्या जागा असतात. बोट लावतांच काम होतें व मनुष्य पुढें जातो. हा पडदा कोणी तरी लिहिलेला असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घर जसें बांधलें जातें तसा पडदा लिहिला जातो. त्याची स्वतंत्र भाषा असते, त्या भाषेस व्याकरण असतें, आणि तें व्याकरण मोडलें असतां कधीं लेखकास तत्काळ अडविलें जातें, तर कधीं कोणास न कळतां चूक तशीच पुढें वाहत जाते. ही दुसऱ्या जातीची चूक अधिक घातक होय. कारण तिचें फळ लेखकास न भोगावें लागतां पडद्यापुढें उभ्या असलेल्या तिऱ्हाइतास भोगावें लागतें. या व्याकरणांतील वारसा आणि रूपांतर या दोन नियमांचा विचार येथें करावयाचा आहे.

संगणकास काम सांगण्याच्या रीति मुख्यत्वें दोन आहेत. एक आज्ञार्थक आणि दुसरी वर्णनात्मक. सुताराकडून दार करवून घेणारा एक गृहस्थ त्यास असें सांगूं शकतो कीं, डाव्या कडेपासून सव्वा फूट मोज, तेथें खूण कर, तेथें भोंक पाड आणि तेथें कडी बसव. ही आज्ञांची मालिका झाली. दुसरा गृहस्थ इतकेंच सांगतो कीं, कडी दाराच्या मधोमध हवी. येथें कृति सांगितलेली नाहीं. इच्छित स्थितीचें वर्णन केलें आहे, आणि मोजमापाचा भार सुतारावर टाकला आहे. पुढें दार रुंद करावें लागलें तर पहिल्या गृहस्थाच्या आज्ञा निरुपयोगी होतात. दुसऱ्याचें वर्णन मात्र जसेंच्या तसें लागू पडतें. पडदा लिहिण्याच्या पुष्कळशा आधुनिक भाषा या दुसऱ्या जातीच्या आहेत, आणि क्यूएमएल ही त्यांपैकीं एक ठळक भाषा होय. तींत 'या चौकटीची रुंदी बाहेरच्या चौकटीच्या निम्मी' असें एकदां लिहिलें म्हणजे बाहेरची चौकट कितीही ताणली वा आवळली तरी आंतली चौकट आपोआप निम्मी राहते. लेखकानें संबंध सांगावा आणि तो पाळण्याचें काम यंत्रानें करावें, असा हा श्रमविभाग आहे.

या भाषेची वंशावळ नॉर्वे देशापर्यंत जाते. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रांत ओले-योहान दाल व क्रिस्टेन नीगार्ड या दोघांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिम्युला नांवाची भाषा सिद्ध केली. प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल संगणकावर उतरवून त्याचा अभ्यास करावा, हा त्यांचा हेतु होता. पुलाच्या तोंडाशीं पथकराचें नाकें आहे व त्यापुढें वाहनांची रांग लागली आहे, अशा स्वरूपाचीं उदाहरणें त्यांच्यापुढें होतीं. रांगेंत मालाचे ट्रक असतात व उतारूंच्या बसगाड्या असतात. ट्रकला मालाचें वजन असतें, बसला उतारूंची संख्या असते. परंतु रांगेंत उभें राहणें, पुढें सरकणें आणि कर भरणें हीं दोहोंसही सारखींच लागू आहेत. मग तीं प्रत्येकाकरितां निराळीं कां लिहावीं? सामान्य लक्षणें 'वाहन' या एका वर्गांत लिहावीं, ट्रक व बस यांनीं तीं वारशानें घ्यावीं, आणि आपापलें वैशिष्ट्य तेवढें वर जोडावें, ही कल्पना १९६७ च्या सिम्युलांत दृढमूल झाली. या कार्याबद्दल दोघांसही २००१ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. आणि दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं, म्हणजे २००२ सालीं, दोघांचाही अंत झाला.

ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप या डॅनिश विद्वानानें केंब्रिज येथें संशोधन करीत असतां सिम्युलाचा उपयोग केला होता. पुढें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत त्यानें १९७९ सालीं सी या भाषेस वर्गांची व वारशाची जोड देण्यास आरंभ केला. १९८३ सालीं त्या भाषेस सी प्लस प्लस हें नांव मिळालें. या सी प्लस प्लसच्या आधारावर पुनः नॉर्वेंतच होवार्ड नॉर्ड व आयरिक शाम्बे-एंग यांनीं १९९१ सालीं क्यूटी नांवाच्या साधनसंग्रहाची रचना आरंभिली आणि १९९५ सालीं तो लोकांस खुला केला. २००८ सालीं फिनलंडच्या नोकिया कंपनीनें त्यांची कंपनी विकत घेतली, आणि २०१० सालीं क्यूटीच्या ४.७ या आवृत्तीबरोबर क्यूएमएल ही वर्णनात्मक भाषा बाहेर आली. २०१२ सालीं क्यूटीचा व्यवसाय डिजिया या दुसऱ्या फिनिश कंपनीकडे गेला, व २०२० सालीं सहावी आवृत्ति निघाली. मोटारीच्या चालकासमोरील पडद्यांपासून तों कारखान्यांतील यंत्रांवरील पडद्यांपर्यंत या साधनाचा संचार आहे. एका देशांत जन्मलेली वारशाची कल्पना बाहेरून फिरून त्याच देशांत परत आली आणि तेथें तिला पडद्याचें रूप मिळालें, हा योगायोग मोठा मनोरम आहे.

आतां प्रत्यक्ष वारसा कसा चालतो तें पाहूं जातां असें दिसतें. क्यूएमएलच्या पडद्यावर जें जें दिसतें त्याचा मूळपुरुष 'आयटेम' हा होय. पडद्यावरील स्थान, रुंदी, उंची, पारदर्शकता, दिसणें वा न दिसणें, हे गुणधर्म आयटेमचे. 'रेक्टँगल' म्हणजे काटकोन चौकट हा आयटेमचा वारस. त्यानें रंग, कडेची रेघ व कोपऱ्यांची गोलाई एवढें आपल्या पदरचें जोडलें. 'टेक्स्ट' म्हणजे अक्षरें आणि 'इमेज' म्हणजे चित्र हे त्याचेच भाऊबंद. 'बटन' याची वंशावळ थोडी लांब आहे : आयटेमपासून 'कंट्रोल', कंट्रोलपासून 'ॲबस्ट्रॅक्ट बटन', आणि त्यापासून बटन. प्रत्येक पिढीनें थोडी भर घातली. म्हणून बटनाचे वेगळे लेखन करणारास स्थान व आकार यांविषयीं एक अक्षरही लिहावें लागत नाहीं. एवढेंच नव्हे, तर लेखकानें स्वतंत्र फाइलींत बटन हें मूळ धरून त्यास लाल रंग व मोठीं अक्षरें दिलीं, आणि फाइलीचें नांव मोठ्या आद्याक्षरानें लिहिलें, तर ती फाइल हाच एक नवा प्रकार होतो व मूळ बटनाचे सर्व गुणधर्म त्यास प्राप्त होतात. संस्कृत व्याकरण शिकलेल्या श्रोत्यांस येथें अनुवृत्तीची आठवण होईल. पूर्वसूत्रांतील पद पुढील सूत्रांत न उच्चारतां चालत यावें, ही पाणिनीची युक्ति आणि मूळ वर्गांतील गुणधर्म वारस वर्गांत न लिहितां चालत यावा, ही आधुनिकांची युक्ति, या दोहोंमागील लाघवाची दृष्टि एकच आहे.

येथें एका घोटाळ्याचा परिहार करणें अवश्य आहे. क्यूएमएलमध्यें 'पॅरेंट', म्हणजे पालक, हा शब्द वारंवार येतो, आणि नवशिक्या विद्यार्थ्यास वाटतें कीं हाच तो वारशाचा पूर्वज. वस्तुतः तसें नाहीं. चौकटीच्या आंत बटन ठेवलें म्हणजे चौकट ही बटनाची पालक झाली. परंतु बटनानें चौकटीपासून गोल कोपरे घेतले असें होत नाहीं. हें नातें आश्रयाचें आहे, जन्माचें नव्हे. घरमालक आणि भाडेकरू यांचें नातें जसें वंशाचें नसतें, तसेंच हें. घर पडलें तर भाडेकरूचें बिऱ्हाड मोडतें, त्याप्रमाणें पालक वस्तु नष्ट झाली असतां तिच्या आश्रयाची वस्तुही नष्ट होते; पण गुणांचा वारसा मिळतो तो वर्गाच्या वंशावळींतून, आश्रयांतून नव्हे. हीं दोन नातीं मनांत निराळीं ठेवलीं म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो.

वारशाचा खरा उपयोग लेखनाचे श्रम वांचविणें एवढाच असता, तर त्याचें एवढें महत्त्व नव्हतें. त्याचें मोठें फळ असें कीं, जेथें पूर्वजाची मागणी असेल तेथें वारस चालतो. कंट्रोल या वर्गास 'बॅकग्राउंड', म्हणजे पार्श्वभूमि, असा एक गुणधर्म आहे, आणि त्याचा प्रकार आयटेम असा नोंदलेला आहे. त्या जागीं लेखकानें रंगीत चौकट दिली तरी चालते, चित्र दिलें तरी चालतें, किंवा उद्यां कोणी नवाच नक्षीदार आयटेम निर्माण केला तर तोही चालतो. यंत्र त्या वस्तूस आयटेम समजून वागवितें. कोणतेंही सोंग त्या वस्तूवर लादलेलें नसतें. जें तिच्या अंगीं मुळांत आहे, तेवढेंच पाहिलें जातें. हें रूपांतर वर जाणारें आहे, विशेषाकडून सामान्याकडे जाणारें आहे, आणि म्हणूनच निर्धोक आहे. मात्र त्याच जागीं 'टायमर' दिला, तर काय होतें? टायमर हा काळ मोजणारा घटक आहे; त्यास पडद्यावर रूप नाहीं; तो आयटेमच्या वंशांतला नाहीं. अशा वेळीं यंत्र तो घटक उभा करण्याचेंच नाकारतें. फाइलीचें नांव व ओळीचा आंकडा सांगून असें कळवितें कीं, दिलेली वस्तु मागितलेल्या प्रकारचीही नाहीं आणि त्याच्या वंशांतलीही नाहीं. पडदा दिसतच नाहीं. लेखकाचा यामुळें थोडा खोळंबा होतो खरा, परंतु चूक त्याच्या टेबलावरच पकडली जाते. ती रस्त्यावर येत नाहीं.

पाणिनीय परंपरेंत स्थानिवद्भाव म्हणून एक तत्त्व आहे. एका शब्दाच्या जागीं दुसरा आदेश आला, तर तो आदेश मूळ स्थानीप्रमाणेंच मानावा. मात्र जे विधि वर्णावरच अवलंबून आहेत, तेथें तसें मानूं नये. म्हणजे बदलीच्या मनुष्यास मूळच्या मनुष्याचे अधिकार मिळतात, पण त्यांस मर्यादा आहे. वर्गांच्या वारशांतही नेमकी हीच मर्यादा आहे. रेक्टँगल हा आयटेमच्या जागीं उभा राहिला म्हणजे त्या जागेपुरता तो आयटेम. त्याचा रंग विचारण्याचा अधिकार त्या जागेस नाहीं.

आतां खालीं उतरणारें रूपांतर पाहूं. समजा, एका स्थानकावरील फलकाकरितां कोणी 'गाडी' असा वर्ग लिहिला. क्रमांक, नांव व येण्याची वेळ हे तिचे गुणधर्म. 'प्रवासी गाडी' व 'मालगाडी' हे तिचे दोन वारस. पहिलीला डब्यांचा क्रम आहे, दुसरीला मालाचें वजन आहे. केवळ 'गाडी' अशी वस्तु रुळांवर कधींच येत नाहीं. म्हणून मूळ वर्ग हा नुसता प्रकार म्हणून ठेवून त्याची वस्तु निर्माण करण्यास बंदी घालण्याची सोय क्यूएमएलमध्यें आहे. फलकास 'येणारी गाडी' असा एक गुणधर्म दिला आणि त्याचा प्रकार गाडी असा ठेवला; तसेंच 'दिवसभरांतील गाड्या' अशी यादी दिली. त्या यादींत प्रवासी व माल या दोन्ही जातीच्या गाड्या एकत्र बसतात. येथपर्यंत सर्व सुरळीत आहे.

परंतु फलकाच्या लेखकानें 'येणाऱ्या गाडीचें वजन दाखीव' असें लिहिलें, म्हणजे प्रश्न उत्पन्न होतो. येणारी गाडी मालगाडी असेल तर वजन मिळेल. प्रवासी असेल तर वजन असा गुणधर्मच नाहीं. क्यूएमएलमध्यें मधल्या हिशेबाकरितां जावास्क्रिप्ट या भाषेचा उपयोग होतो, आणि ती भाषा अशा प्रसंगीं भांडत नाहीं. ती 'अनडिफाइंड', म्हणजे अनिश्चित, असें उत्तर देऊन मोकळी होते. तें उत्तर दुसऱ्या अक्षरांस जोडलें तर पडद्यावर 'वजन अनडिफाइंड' असें विचित्र वाक्य उमटतें. हें त्यांतल्या त्यांत बरें, कारण पाहणारास शंका तरी येते. पण तेंच उत्तर एखाद्या अक्षरांच्या गुणधर्मास सरळ दिलें, तर यंत्र नोंदवहींत एक इशारा लिहितें आणि गुणधर्म पूर्वीच्याच स्थितींत ठेवतें. म्हणजे मघांशीं गेलेल्या मालगाडीचें वजन आतां आलेल्या प्रवासी गाडीच्या नांवापुढें तसेंच झळकत राहतें. फलक ठणठणीत दिसतो, अक्षरें स्वच्छ असतात, आणि आंकडा मात्र खोटा असतो. इशारा वाचणारा तेथें कोणी नसतो.

म्हणून खालीं उतरतांना विचारून उतरावें, असा नियम आहे. सी प्लस प्लसच्या बाजूस क्यूटीनें यासाठीं एक तपासणी दिली आहे. 'ही वस्तु मालगाडी म्हणून मिळेल काय?' असें विचारलें असतां ती मालगाडी असेल तर ती हातीं देते, आणि नसेल तर रिकामा हात दाखविते. हें शक्य होतें याचें कारण असें कीं, क्यूटीच्या मूळ वर्गापासून निघालेल्या प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या वंशाचा दाखला चालत असतो, आणि तो दाखला मॉक नांवाचें एक साहाय्यक साधन आधींच तयार करून ठेवतें. क्यूएमएलमध्येंही 'ॲज' या शब्दानें हाच प्रश्न विचारतां येतो. उलट सी प्लस प्लसमध्यें न विचारतां केलेलें एक रूपांतर आहे, ज्यांत यंत्र लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवतें. लेखक चुकला तर पुढें काय होईल याची हमी कोणी देत नाहीं. विचारून मिळालेलें 'नाहीं' हें उत्तर गृहीत धरलेल्या 'होय' पेक्षां शतपटीनें हिताचें असतें. मात्र तें 'नाहीं' ऐकून काय करावयाचें, तेंही लेखकानें लिहून ठेवलें पाहिजे.

आतांपर्यंत वस्तूंच्या वंशाचा विचार झाला. याहून निराळें रूपांतर मूल्यांचें आहे. तेथें वंश नसतो, केवळ सोय असते. क्यूएमएलमध्यें रंगाच्या जागीं 'रेड' अशीं अक्षरें लिहिलीं तरी यंत्र त्यांचा तांबडा रंग करतें. हें रूपांतर ठरलेलें, लिखित व निःसंदिग्ध आहे, म्हणून तें उपकारक आहे. रुंदीच्या जागीं अवतरणचिन्हांत अक्षरें लिहिलीं तर यंत्र 'येथें संख्या पाहिजे' म्हणून थांबवितें, हेंही योग्यच. अडचण होते ती हिशेबांत. समजा, पडद्यावर दोन रिकाम्या जागा आहेत. सकाळची मात्रा एका जागीं व रात्रीची दुसऱ्या जागीं भरावयाची आहे. परिचारिकेनें पहिल्या जागीं १० व दुसऱ्या जागीं ५ असे आंकडे भरले. तिच्या दृष्टीनें त्या संख्या आहेत. यंत्राच्या दृष्टीनें तीं अक्षरें आहेत, कारण भरावयाच्या जागेचा गुणधर्म अक्षरांचा आहे. लेखकानें दोहोंमध्यें अधिक चिन्ह घातलें, आणि जावास्क्रिप्टनें अक्षरें एकापुढें एक जोडलीं. बेरीज आली १०५. गंमत अशी कीं, अधिकाच्या जागीं उणें चिन्ह घातलें असतें तर त्याच भाषेनें दोहोंस संख्या मानून ५ हें बिनचूक उत्तर दिलें असतें. म्हणून वजाबाकी तपासून पाहणारा लेखक बेरजेविषयीं निश्चिंत राहतो. येथें कोणीही व्याकरण मोडलें नाहीं, यंत्रानें कोठेंही इशारा दिला नाहीं, आणि तरी पंधराच्या ठिकाणीं एकशें पांच उभे राहिले.

असें रूपांतर किती महाग पडूं शकतें, याचें एक इतिहासप्रसिद्ध उदाहरण आहे. तें पडद्याचें नाहीं, परंतु मर्म तेंच आहे. १९९६ सालच्या ४ जून रोजीं फ्रेंच गियानांतील कूरू येथून एरियन ५ या युरोपीय अग्निबाणाचें पहिलें उड्डाण झालें. दिशा व वेग यांचें ज्ञान ठेवणारी यंत्रणा पूर्वीच्या एरियन ४ वरून जशीच्या तशी घेतली होती. त्या यंत्रणेंत आडव्या वेगाशीं संबद्ध असें एक मूल्य ६४ बिटांच्या दशांश संख्येंतून १६ बिटांच्या पूर्ण संख्येंत उतरविलें जात असे. १६ बिटांच्या घरांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. जुन्या बाणाचा वेग त्या घरांत मावत असे. नव्या बाणाचा मार्ग निराळा असल्यामुळें संख्या त्याबाहेर गेली. तें रूपांतर संरक्षिलेलें नव्हतें. राखीव यंत्रणा व चालू यंत्रणा या दोहोंतही तीच रचना असल्यामुळें दोन्ही एका पाठोपाठ बंद पडल्या. बाण एकाएकीं वळला, मोडूं लागला, आणि उड्डाणास पुरा मिनिटही झाला नसतां त्याचा स्फोट झाला. त्यावरील क्लस्टर नांवाचे चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. चौकशी मंडळास असें आढळलें कीं, ज्या हिशेबांत ही चूक झाली त्या हिशेबाची बाण उडाल्यावर गरजच नव्हती. जुनी वस्तु वारशानें मिळाली. परंतु ती ज्या मर्यादेंत खरी होती, ती मर्यादा कोणी तपासून पाहिली नाहीं.

वारशांत मिळणाऱ्या वस्तूबरोबर तिचीं बंधनेंही मिळतात, हा विचार बार्बरा लिस्कोव या अमेरिकन विदुषीनें १९८७ सालच्या एका व्याख्यानांत स्पष्ट मांडला. पूर्वजाच्या जागीं वारस उभा केला असतां पूर्वजाकडून असलेली कोणतीही रास्त अपेक्षा मोडतां कामा नये, असा त्याचा इत्यर्थ आहे. त्यांस २००८ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. भूमितीच्या वर्गांत प्रत्येक चौरस हा काटकोन चौकोन असतो, हें मुलेंही जाणतात. त्यावरून एखाद्यानें क्यूएमएलमध्यें रेक्टँगल मूळ धरून 'चौरस' असा नवा प्रकार लिहिला व आंत 'उंची म्हणजे रुंदीच' असा संबंध घातला, तर तें भूमितीच्या दृष्टीनें निर्दोष वाटतें. पण रेक्टँगलनें जगास दिलेलें वचन असें आहे कीं, रुंदी व उंची हीं स्वतंत्रपणें ठरवितां येतात. तें वचनही वारशानें चौरसाकडे येतें. म्हणून त्या चौरसाचा उपयोग करणारा दुसरा कोणी रुंदी १० व उंची ५ असें लिहितो. त्याच्या लिहिण्यानें आंतला संबंध पुसला जातो, आणि नांवाचा चौरस पडद्यावर लांबट चौकोन म्हणून उमटतो. कोणतीही तक्रार होत नाहीं. अशा ठिकाणीं वारसा न घेतां अंतर्भाव करावा, हें श्रेयस्कर. बाहेरून साधा आयटेम असावा, त्याच्या आंत चौकट ठेवावी, 'बाजू' असा एकच गुणधर्म बाहेर दाखवावा, आणि आंतली रुंदी व उंची हीं त्या बाजूवरूनच ठरावीं. 'हा तोच आहे' आणि 'याच्यापाशीं तो आहे' हीं दोन वाक्यें भिन्न आहेत. पहिल्यास वारसा शोभतो, दुसऱ्यास अंतर्भाव.

कोणी असा आक्षेप घेईल कीं, प्रत्येक गोष्टीस प्रकार नेमणें, प्रत्येक उतरणीवर विचारणें, प्रत्येक आंकडा तपासणें, ही कटकट आहे. वर्णनात्मक भाषा सुलभतेसाठींच निघाली, मग तिच्यावर हीं ओझीं कशाला? आक्षेपांत तथ्य नाहीं असें नव्हे. क्यूएमएलमध्यें 'व्हार' म्हणून असा एक सर्वसंग्राहक प्रकार आहे, ज्यांत संख्या, अक्षरें, यादी, वस्तु यांपैकीं कांहींही मावतें. प्रथम कल्पना कागदावरून पडद्यावर आणतांना तो फार सोयीचा पडतो. परंतु आज्ञार्थक भाषेंत एक एक पायरी लेखकाच्या डोळ्यांपुढें असते. वर्णनात्मक भाषेंत मधल्या पायऱ्या यंत्र करतें व त्या दृष्टीआड असतात. जेथें पायऱ्या दिसत नाहींत तेथें कठडा अधिक भक्कम पाहिजे. सुतारास 'मधोमध' एवढेंच सांगणारानें दाराचें माप तरी खरें दिलें पाहिजे.

यावरून व्यवहारास उपयोगी असे कांहीं नियम निघतात. पहिला असा कीं, प्रत्येक गुणधर्माचा प्रकार शक्य तितका नेमका लिहावा, आणि सर्वसंग्राहक प्रकार प्रयोगापुरताच ठेवावा. दुसरा असा कीं, नवा वर्ग जुन्या वर्गापासून काढण्यापूर्वीं जुन्याचीं सर्व वचनें नव्यास पाळतां येतील काय हें पाहावें. येत नसल्यास अंतर्भावाचा मार्ग धरावा. तिसरा असा कीं, सामान्याकडे निःशंक जावें, पण विशेषाकडे विचारून जावें, आणि नकाराचीही तरतूद करावी. चौथा असा कीं, मनुष्यानें भरलेल्या अक्षरांची संख्या उंबरठ्यावरच, एकदांच व उघडपणें करावी. क्यूटीमध्यें भरण्याच्या जागेवर केवळ पूर्णांकच स्वीकारणारा राखणदार बसवितां येतो, त्याचा उपयोग करावा. पांचवा असा कीं, पडदा लोकांपुढें नेण्यापूर्वीं तो तपासनिसाकडून तपासून घ्यावा. क्यूएमएल-लिंट नांवाचें साधन फाइल न चालवितांच प्रकारांचे अनेक घोटाळे दाखवितें. त्यानें दिलेले इशारे हे सूचना न मानतां दोष मानावेत.

तात्पर्य, वारसा हा यंत्रास दिलेला एक दाखला आहे, आणि रूपांतर म्हणजे त्या दाखल्याच्या बळावर दिलेला प्रवेश. दाखला खरा असेल तर प्रवेश सुखाचा होतो, आणि एकदां लिहिलेलें काम शंभर ठिकाणीं उपयोगी पडतें. दाखला न पाहतां दिलेला प्रवेश मात्र आज सोयीचा वाटला तरी उद्यां कोणाच्या तरी हिशेबांत, औषधांत किंवा प्रवासांत आपलें मोल वसूल करतो. पडद्यापुढें उभा असलेला मनुष्य सी प्लस प्लस जाणत नाहीं, क्यूएमएल जाणत नाहीं. त्यानें तें जाणावें अशी अपेक्षाही नाहीं. त्यानें १० आणि ५ भरले, आणि पुढें दिसलेल्या आंकड्यावर विश्वास ठेवला. तो आंकडा पंधराच असावा, हें पाहण्याचें काम पडदा लिहिणाराचें आहे.